सरकारमान्य संयम

जगदेवीला सहावं बाळंतपण फार जड गेलं. दुबलगुंडी गावची सिद्धव्वा सुईण सहसा हार मानणारी बाई नव्हती, पण या खेपेला तिनेही हात टेकले आणि गाडी जुंपायला लावली. तालुक्याच्या दवाखान्यात पोर वाचलं, आई वाचली, आणि घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर किशनरावांनी चष्मा पुसत पुसत सांगितलं, "बाई, आता पुन्हा नाही. पुढचं मूल तुम्हाला घेऊन जाईल. समजलं?"

"समजलं," जगदेवी म्हणाली. "मग काय करू?"

किशनराव खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर एक लिंबाचं झाड होतं आणि झाडाला एक शेळी बांधलेली होती. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

"संयम," शेवटी ते शेळीला म्हणाले.

"ते तुमच्याकडंच मिळंल का बाजारातनं आनावं लागंल?"

कंपाउंडरला एकदम खोकला आला. किशनराव लाल झाले. "संयम म्हणजे औषध नव्हे बाई. संयम म्हणजे... मालकांना सांगा."

"काय सांगू?"

"हेच. संयम."

मालक म्हणजे बसवंतप्पा बाहेर व्हरांड्यातच बसले होते. आत बोलावलं असतं तर दहा पावलांत आले असते. पण अशा गोष्टी पुरुषाला सांगायची डॉक्टरांना लाज वाटली. बाईला सांगायची वाटली नाही, कारण बाई सांगून सांगून कुणाला सांगणार?

किशनरावांचाही फारसा दोष नव्हता. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, देशाची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली होती, आणि तीत धरणं, खतं, रेल्वे यांच्याबरोबर लोकसंख्याही घातलेली होती. देशात माणसं फार झाली, ती यापुढे बेताने जन्मावीत, असं सरकारने जाहीर करून टाकलं होतं. फक्त ती बेताने कशी जन्मावीत, हे बोलताना सरकारची जीभ अडखळत होती. औषधं आणि साधनं ही विलायती थेरं. ऋषिमुनींच्या देशाला संयमच शोभतो, असं वरच्या मंडळींचं मत पडलं. वरची मंडळी बहुतेक साठी उलटलेली होती. त्यांना ते जमतही असावं.

जगदेवीने घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. बसवंतप्पाचं गावात किराणा दुकान होतं, वर थोडी तुरीची जमीन. अंगाने आडवा, मोकळा हसणारा, वजनात मारलं तरी गिऱ्हाइकाला राग येऊ नये असा माणूस. पण त्या दिवशी व्हरांड्यात बसून त्याने बायकोच्या किंकाळ्या ऐकल्या होत्या, आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून जे काय मागायचं ते मागून घेतलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "बरं." आणि मग थोड्या वेळाने, "पर कसं?"

ह्या 'पर कसं'चं उत्तर पुढच्या वर्षी चालत गावात आलं.

आधी आली दवंडी. पोलीस पाटील तिप्पण्णा निजामाच्या काळापासूनचा. त्याला उर्दू सरसर वाचता यायचं, पण नव्या सरकारचे हुकूम संस्कृतातून उतरलेल्या हिंदीत यायला लागल्यापासून त्याची पंचाईत झाली होती. कुटुंब नियोजनाच्या हुकुमातले 'कुटुंब' आणि 'संख्या' हे दोनच शब्द त्याला लागले. त्यावरून त्याने दवंडी पिटवली, "उद्या सरकारची बाई पोरं मोजायला येनार हाय हो!"

गावाने रझाकार पाहिले होते, पोलीस ॲक्शन पाहिली होती, धान्याची लेव्ही तर अजून चालूच होती. सरकार जे मोजतं ते नंतर उचलून नेतं, एवढं राजकारण दुबलगुंडीला पाठ होतं. सकाळी अर्ध्या गावाने आपली पोरं तुरीच्या शेतात नेऊन लपवली. उरलेल्या अर्ध्या गावात मात्र बातमी फुटली होती की डोक्यामागे साखर मिळणार आहे. त्या घरांत स्वतःची चार आणि उसनी तीन अशी पोरं तोंड धुऊन ओळीने बसवली होती. तुरीतली पोरं उसनी द्यायला कुणी तयार नव्हतं, त्यामुळे उसन्या पोरांची भलतीच टंचाई झाली.

सरकारची बाई म्हणजे सत्यभामाबाई. औरंगाबादकडच्या, विधवा, खादीचं पांढरं लुगडं, आवाज शाळेत कमावलेला. चावडीसमोर सभा ठेवली होती. बायकांसाठीची सभा असल्यामुळे पुढच्या सगळ्या जागा पुरुषांनी धरल्या, आणि बायका मागे भिंतीआड उभ्या राहिल्या. समोर मिशाच मिशा बघून सत्यभामाबाईंनी उघड बोलायचा बेत सोडला आणि रूपक धरलं. "बंधूंनो, एकाच आळ्यात फार रोपं लावली तर कोणतंच रोप नीट वाढत नाही. दोन रोपांत अंतर हवं. आणि भूमीलाही विश्रांती हवी."

लिंगाप्पा धनगर पुढेच बसला होता. त्याने हात वर केला. "बाई, तुरीचं म्हनत असाल तर आमी हातभर अंतर सोडतावच. ज्वारीचं काय करावं ते सांगा."

सभेने माना डोलावल्या. त्यापुढची चर्चा खतावर गेली, आणि सत्यभामाबाईंना त्यातलं काही माहीत नसल्यामुळे सरकार असली अर्धवट माणसं कामून पाठवतंय, असं बोलत सभा उठली.

जगदेवीला मात्र रोपांचा अर्थ लागला होता. ती त्याचसाठी तर आली होती. चावडीच्या मागे सत्यभामाबाई एकट्या पाणी पीत उभ्या होत्या, तिथे तिने त्यांना गाठलं.

"बाई, तुमी ते झाडाचं बोलायलता, ते आमचंच ना?"

सत्यभामाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. मिशी एकही दिसली नाही. मग त्यांचा कमावलेला आवाज गळून पडला आणि त्यांनी चक्क साध्या मराठीत, खाली बसून, सगळं समजावून सांगितलं. पिशवीतून एक माळ काढली. लाल मणी, हिरवे मणी. पाळी आली की पहिला मणी सरकवायचा, रोज एक. हिरवा असला तर भीती नाही. लाल असला तर नवऱ्यापासून दूर राहायचं. दिल्लीच्या मोठ्या डॉक्टरांनी पसंत केलेली पद्धत. यात औषध नाही, पाप नाही, खर्च नाही.

जगदेवीने माळ हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "पर बाई, माझं तर कधी मागं, कधी म्होरं होतंय. ह्या बाळंतपणापासनं काही धरबंधच न्हाई. मनी कसा सरकवू?"

 सत्यभामाबाईंनी पिशवीतलं छापील पत्रक काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि परत ठेवलं.

"तुमच्यासारख्या बायकांसाठी अजून सूचना आलेली नाही," त्या म्हणाल्या.

"मग माझ्यासारखीनं काय करावं?"

"तुमच्यासारखीने..." सत्यभामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "तुमच्यासारखीने सगळेच मणी लाल समजावेत."

जगदेवीने माळ परत त्यांच्या हातात दिली. "मग ही दुसरीला द्या. सगळं लालच समजायचं असंल तर माळ कशाला पायजे?"

म्हणजे फिरून किशनरावांच्या शेळीपाशीच गाडी आली. घर म्हणजे दोन खोल्यांचं. एकीत सासू ईरम्मा आणि पोरं, दुसरीत ही दोघं. एका पांघरुणाखाली ऋषिमुनी होणं अवघड असतं हे बसवंतप्पाला कळत होतं. त्याने विचार केला आणि आपली वाकळ उचलून दुकानात झोपायला जायला लागला.

तिथून संकट सुरू झालं.

नवरा दुकानात झोपतो ही बातमी आधी ईरम्माच्या लक्षात आली आणि मग ती बातमी राहिली नाही, गावगप्पा झाली. बायका पाणवठ्यावर जगदेवीला बघून बोलायच्या थांबायला लागल्या. कुणी म्हणालं, बसवंतप्पाचं बाहेर कुठं तरी आहे. कुणी म्हणालं, हिचंच असेल. दुकानात मीठ घ्यायला आलेली माणसं मिठाच्या पोत्यापेक्षा वाकळीकडे जास्त बघायची. ईरम्मा पोराला म्हणाली, "तुज्या अप्पानं असं कदी केलं न्हाई. माजी अकरा बाळंतपनं झाली, पर मानूस एक दिवस घर सोडून झोपला न्हाई."

अकरातली चार जगली होती, हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

शेवटी एका सोमवारी पंच जमले. मोडणारं घर सांधायचं काम होतं, त्यामुळे सगळे उत्साहाने आले. मधोमध तिप्पण्णा पाटील.

"बसवंतप्पा," तो म्हणाला, "लग्नाची बायकू घरात आनि तू गुळाच्या ढेपीसंगं झोपायलास. लाज वाटत न्हाई?"

बसवंतप्पाने मान खाली घातली. "तसं न्हाई अप्पा. तिच्या जिवाला धोका हाय. डाक्टर म्हनले."

"डाक्टर म्हनले दुकानात झोप म्हनून?"

"संयम करा म्हनले. सरकारच म्हनायलंय की तसं. ती बाई आली नव्हती का?"

"ती खताची?"

"खताची नव्हती ती अप्पा. ती... आमचीच होती."

पंच एकमेकांकडे बघू लागले. तिप्पण्णाने मिशीवरून हात फिरवला. "सरकार म्हनायलंय? कोन्तं सरकार? हितं सरकार मी हाव. सरकार म्हनून सांगायलाव, आज सांजच्याला वाकळ घरी गेली पायजे."

आणि गेली. चार शहाण्या माणसांनी बसवंतप्पाची वाकळ आणि उशी भर रस्त्याने वाजतगाजत नाही, पण जवळजवळ तशीच, घरी पोचवली. ईरम्माने दारात पोचवणाऱ्यांना गूळ-पाणी दिलं. देशाच्या लोकसंख्येचं धोरण दुबलगुंडीत असं लागू झालं. पुढे, ही बाई घरं मोडते म्हणून सत्यभामाबाईंविरुद्ध वर एक तक्रार गेली. तक्रारी समजायला वरच्यांना वेळ लागत नाही. त्यांची लवकरच कुठे तरी दूर बदली झाली.

पुढच्या महिन्यात जगदेवीची पाळी लांबली.

तिने कुणाला सांगितलं नाही. भाकऱ्या थापताना तिचा हात मध्येच थांबायचा. धाकट्याला मांडीवर घेऊन ती त्याच्या जावळात बोटं घालून बसून राहायची. मोठीला बोलावून तिने एकदा चुलीपाशी बसवलं आणि आमटीला फोडणी किती करपवायची, ते शिकवलं. मोठी नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, "अव्वा, तू हायस की करायला." जगदेवीने पळी तिच्या हातात दिली.

मग एका सकाळी पाळी आली. जगदेवी जात्यापाशी बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता इतकी रडली की पीठ भिजलं. बसवंतप्पाने दारातून पाहिलं. त्याला सगळं कळलं, न सांगताच.

दुपारी दुकान अर्धवट बंद करून तो आला. म्हणाला, "गुलबर्ग्याला मोठ्या दवाखान्यात गड्यामानसाचं आप्रेशन करतेत म्हनं. मंग पोरंच होत न्हाईत. मी करून घेतो."

जगदेवीला धक्का बसला. "अवं, लोक म्हनतेत त्यानं मानसाचा बैल होतोय."

"बैल तर मी हावच की," बसवंतप्पा म्हणाला. "सकाळपासनं जुंपलेलाच हाव. अजून काय व्हायचंय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आपण बऱ्या माणसाच्या हाती पडलो असं जगदेवीला त्या दिवशी जितकं वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं. तिने त्याला ताटभर भाकरी-झुणका वाढला, आणि दोघांनी मोटारीने गुलबर्ग्याला जायचं ठरवलं.

गुलबर्ग्याचे सर्जन चनमल्लप्पा नावाजलेले होते. हात हलका, जीभ जड. त्यांनी बसवंतप्पाला उभं करून विचारलं, "काय होतंय तुला?"

"मला काही न्हाई साहेब. हिला होतंय."

"मग हिला तपासू." तपासलं. बराच वेळ तपासलं. "बरोबर आहे. हिला आणखी मूल होता कामा नये. हिचं ऑपरेशन करायला सरकारची परवानगी आहे, कारण हिची तब्येत खराब आहे."

"मग करा साहेब," जगदेवी म्हणाली.

"करता येत नाही. तब्येत फार खराब आहे. टेबलावरच जाशील."

बसवंतप्पाने सदरा सावरला. "मग माझं करा."

"तुझं करता येत नाही. तुझी तब्येत चांगली आहे. निरोगी माणसाला सुरी लावायची तर कारण दाखवावं लागतं."

"कारण ही बसलीय की म्होरं."

"ती कारण आहे, पण ती तुझ्या अंगात नाही." चनमल्लप्पांनी हे हसून सांगितलं नाही. त्यांचं तोंड कडू झालं होतं. "अशा बाबतीत वरून मंजुरी मागवावी लागते. हैदराबादहून."

"वर किती दिवस लागतेत?"

"ते वरच्यांनाही माहीत नसतं."

अर्ज गेला. परतीच्या वाटेवर हुमनाबादला मोटार थांबली तेव्हा जगदेवी खाली उतरली नाही. खिडकीतून वीरभद्राच्या देवळाच्या शिखराकडे बघत राहिली. मंजुरी येईपर्यंत वाकळ कुठे ठेवायची, हा प्रश्न होता. डॉक्टरचं नाव सांगून झालं होतं, सरकारचं सांगून झालं होतं. ह्या दोघांपेक्षा मोठं असं तिसरं कोण, याचा ती विचार करत होती आणि ते तिसरं समोरच दिसत होतं.

"अवं," ती नवऱ्याला म्हणाली, "धाकट्याला मागं ताप आलता बगा. तवा तुमी वीरभद्राला नवस बोललात."

"मी? काय बोललो?"

"की पोर बरं होऊ दे, मी बरमचर्य पाळीन. उद्यापन करीपत्तोर."

बसवंतप्पा तिच्याकडे बघत राहिला. "असं मी बोललोय?"

"आता बोला," जगदेवी म्हणाली. "शिखर दिसायलंय तवर."

बसवंतप्पाने खिडकीतून हात जोडले आणि बोलला. त्यामुळे खोटं असं काही उरलं नाही; तारखेचा थोडा फरक, तेवढा देव सांभाळून घेतो.

घरी येऊन जगदेवीने ही गोष्ट फक्त ईरम्माला सांगितली, तीही 'कुनाला सांगू नका' असं बजावून. दुसऱ्या दिवशी न्याहारीपर्यंत ती शेजारच्या हळ्ळीखेडपर्यंत पोचली.

आणि काय आश्चर्य! वाकळ पुन्हा दुकानात गेली, पण ह्या वेळी ती नेताना लोक बाजूला सरले. ज्या गावाने डॉक्टरांचं ऐकलं नाही, सरकारचं ऐकलं नाही, ते गाव बसवंतप्पासमोर वाकायला लागलं. तुरीच्या शेतात जाताना बायका त्याच्या पायावर पाणी घालायला लागल्या. मठाच्या अय्यांनी, म्हणजे स्वामींनी, पुराण सांगताना त्याचं उदाहरण दिलं. लिंगाप्पा धनगराची मेंढी आजारी पडली तर त्याने ती बसवंतप्पाच्या हाताला लावून नेली, आणि ती बरी झाली. तिप्पण्णा पाटील स्वतः दुकानात आला, चप्पल बाहेर काढून. "माज्याकडनं चूक झाली अप्पा. तू आदी का बोल्ला न्हाईस? आमी काय धर्माला आडवं जातोय?"

बसवंतप्पा म्हणाला, "व्रत बोलून दाखवायचं नसतंय." तोपर्यंत त्याला थोडी गोडी लागली होती, हे कबूल केलं पाहिजे. दुकानही चांगलं चाललं होतं. ब्रह्मचाऱ्याच्या हातचं मीठ आळणी लागत नाही, असा एक समज पसरला होता.

ही कीर्ती तालुक्याला पोचली तेव्हा डॉक्टर किशनराव मोठ्या विवंचनेत होते. वरून विचारणा आली होती: आपल्या भागात कुटुंब नियोजनाची प्रगती काय? प्रगती काहीच नव्हती. सत्यभामाबाई वाटून गेलेल्या माळा कुणी तुळशीला घातल्या होत्या, कुणी वासराला. अशात दुबलगुंडीत एक माणूस लेकरंबाळं असताना संयमाने राहतो आणि गाव त्याला मान देतं, हे ऐकल्यावर किशनरावांनी दोन्ही हातांनी ती संधी धरली. वर पाठवलेल्या अहवालातून वीरभद्राचं नाव तेवढं गाळलं. सरकार निधर्मी होतं.

मग सभा झाली. जिल्ह्याचे साहेब बीदरहून जीपमधून आले. पेंडॉल पडला, माईक आला, बसवंतप्पाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. जगदेवीला खुर्चीवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती खुर्चीवर बसली होती आणि पाय कुठे ठेवावेत ते तिला कळेना. साहेब बोलले, "विदेशी साधनांची आपल्याला गरज नाही, हे ह्या आदर्श दांपत्याने सिद्ध केलं आहे." टाळ्या सगळ्यांत जोरात तिप्पण्णाने वाजवल्या.

जगदेवीने शेजारी बसलेल्या किशनरावांना हळूच विचारलं, "डाक्टरसाब, आमच्या आप्रेशनच्या मंजुरीचं काय झालं?"

किशनरावांना खिडकी हवी होती. पेंडॉलला खिडकी नसते. ते माईककडे बघत राहिले.

मंजुरीचं उत्तर उन्हाळ्यात आलं. चनमल्लप्पांनी बोलावून घेतलं आणि ते त्या दोघांना वाचून दाखवलं. वाचताना त्यांच्या जड जिभेला जास्तच वेळ लागला. अर्जदार हा संयमाच्या मार्गाने यशस्वीपणे जीवन व्यतीत करीत असून, त्यास त्याबद्दल सरकारतर्फे गौरवण्यात आलेले आहे. सबब शस्त्रक्रियेची आवश्यकता दिसत नाही.



"म्हंजे," बसवंतप्पा म्हणाला, "मी चांगलं वागलो म्हनून न्हाई म्हनायलेत?"

"तसंच."

"आनि वाईट वागलो असतो तर?"

"तर ही मेली असती, आणि मग ऑपरेशनचं कारणच उरलं नसतं," चनमल्लप्पा म्हणाले. त्यांनी तो कागद टेबलावर आपटला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दिवाळी झाली की या. राज्यं मोडून नवी बांधायलेत. हैदराबाद राहत नाही. तुमचा आमचा मुलूख म्हैसुराला जातोय. तिथलं धोरण काय असेल ते बघू."

 घरी आल्यावर जगदेवीने पहिल्यांदाच चिडून भांडी आदळली. "वीरभद्रानं ऐकलं, गावानं ऐकलं. एक सरकारनं तेवढं खरं धरलं आनि तितंच घात झाला!"

दिवाळी झाली. हैदराबाद राज्य एका दिवशी होतं आणि दुसऱ्या दिवशी नव्हतं. ज्यांनी त्याच्यासाठी आणि त्याच्याविरुद्ध जीव दिले होते, त्यांनाही ते इतकं चूपचाप जाईल असं वाटलं नसेल. बसवंतप्पा आणि जगदेवी पुन्हा गुलबर्ग्याला गेली. दवाखान्यात गडबड होती. जुने शिक्के गोळा करून एका टोपलीत टाकले होते, नवे आले नव्हते. कारकून कोणत्या भाषेत लिहावं म्हणून लिहीतच नव्हते. एक जण तर निवांत शेंगा खात बसला होता.

चनमल्लप्पा त्यांना बघून उठून उभे राहिले. इतक्या दिवसांत त्यांना हसताना दोघांनी पहिल्यांदा पाहिलं.

"हैदराबादचा नियम परवा संपला," ते म्हणाले. "म्हैसूरचा नियम अजून पोचला नाही. मी सकाळपासून शोधतोय, तुम्हाला नाही म्हणणारं आज वर कुणीच नाही. बसवंतप्पा, काही खाऊन आलायस का?"

"न्हाई साहेब, उपाशीच हाव."

"मग चल टेबलावर. उद्या कुणी तरी सरकार येऊन बसेल."

जगदेवी बाहेर बाकड्यावर बसली. ह्या वेळी आत नवरा होता आणि बाहेर ती. आतून एकदा बसवंतप्पाचा आवाज आला, "अव्वा गे!" तिचा जीव गलबलला, आणि लगेच, देवा माफ कर, तिला थोडं हसूही आलं. एवढ्याशाला! सहा वेळा ती आत होती.

थोड्या वेळाने तो चालत बाहेर आला, पाय जरा फाकून, चेहरा पांढरा. चनमल्लप्पांनी तिला बजावलं की लगेच भरवसा धरायचा नाही, अजून काही आठवडे दम काढा. "एवढे दिवस काढले," जगदेवी म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडायला गेली. ते मागे सरले. "पाया पडू नको बाई. चार वर्षांचं काम अर्ध्या तासात केलंय, मलाच लाज वाटतेय."

गावात सांगितलं, गळू कापलं. ब्रह्मचाऱ्याला उष्णतेचं गळू व्हायचंच, असं अय्यांनी मान हलवून सांगितलं.

पुढे वीरभद्राच्या जत्रेला व्रताचं उद्यापन झालं. ईरम्माने पुढे होऊन केलं. गव्हाची गोड हुग्गी, पोळ्या, जंगमांना भोजन, सगळी आळी जेवायला. बसवंतप्पाची वाकळ दुकानातून घरी आली, ती आणायला ह्या वेळी कुणी पंच लागले नाहीत. सगळ्यांत शेवटी तिप्पण्णा पाटील तूप ओतून घेऊन चौथी पोळी संपवून उठला, आणि जोडीने पाया पडणाऱ्या दोघांच्या डोक्यावर त्याने तुपकट हात ठेवला.

"व्रत पुरं झालं. आता वर्साच्या आत पाळना हलू दे!"

"तुमचा आशीर्वाद अप्पा," जगदेवी पदर सावरत म्हणाली. बसवंतप्पाला एकदम ठसका लागला. तिने त्याला पाणी दिलं.

पाळणा हलला नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं. जगदेवीच्या अंगावर थोडं मांस चढलं. मोठीचं लग्न तिने स्वतः उभं राहून केलं, आणि धाकटा नवीन म्हैसूर सरकारच्या शाळेत जाऊन कन्नड पाटीवर गिरवायला लागला. बायका पाणवठ्यावर ईरम्माला विचारायच्या, "काय गं, सुनेला अजून काही न्हाई?"

ईरम्मा घागर काखेत घेत उसासा टाकायची. "कशाचं गं! माज्या लेकाला त्या बरमचर्याची सवयच लागली."